स्पेस स्टेशन १३: जेनेटिसिस्ट म्हणून खेळायचं तर कसं?

शून्यगुरुत्व

स्पेस स्टेशन १३ या खेळावर इथे अधूनमधून बोलणं होतं, पण ते इंजिन, बॉम्ब आणि सिक्युरिटीच्या मारामाऱ्यांभोवतीच फिरतं. मला बोलायचंय ते जेनेटिक्सबद्दल. स्टेशनवरचं माझं सगळ्यात आवडतं काम हेच, आणि ज्याच्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत तेही हेच.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २००३ च्या सुमारास बायॉन्ड नावाच्या इंजिनवर हा सुरू झाला, आणि मुळात तो स्टेशनमधल्या हवेच्या हालचालीचं गणित करून बघणारा प्रयोग होता. वरून दिसणारी साधी चित्रं, एका स्टेशनवर डझनावारी खरे खेळाडू, प्रत्येकाला एक नोकरी, आणि त्यांच्यातच लपलेला एखादा घातपाती. पुढे कोड बाहेर आला आणि त्यातून गूनस्टेशन, टीजी, बे, पॅराडाईज अशी घराणी तयार झाली. प्रत्येक घराण्याचं जेनेटिक्स वेगळं आहे. मी लिहितोय ते टीजीच्या पद्धतीबद्दल, आणि तीही आवृत्तीगणिक थोडी बदलत राहते.

आता काम काय ते बघू. तुमच्या खोलीत एक डीएनए स्कॅनर, एक कन्सोल आणि काही माकडं असतात. प्रत्येक जिवाच्या डीएनएत काही सुप्त म्युटेशनं, म्हणजे शक्ती किंवा विकार देणारे बदल, दडलेली असतात. त्यातलं एक माकड होण्याचं, ते सगळ्यांत असतं. बाकीची कुणाच्या वाट्याला कुठली येतील ते नशिबावर. कन्सोलवर प्रत्येक म्युटेशन अक्षरांच्या जोड्यांच्या रूपात दिसतं: ए समोर टी, जी समोर सी. काही अक्षरांच्या जागी नुसता एक्स असतो. ते एक्स भरून जोड्या पूर्ण केल्या की म्युटेशन जागं होतं आणि त्याचं नाव कळतं.

जोडीतलं एकच अक्षर गायब असेल तर प्रश्नच नाही, समोरचं बघून भरता येतं. दोन्ही गायब असतील तर चार शक्यता उरतात. अशा चार-पाच जोड्या एकाच म्युटेशनमध्ये असल्या की शक्यता शेकड्यांत जातात. बहुतेक नवे खेळाडू इथे कंटाळतात आणि एकेक अक्षर बदलून बघत बसतात. त्यात वेळ जातो आणि स्कॅनरमधल्या जिवाला प्रत्येक बदलागणिक इजा होते ती वेगळीच.

खरी गंमत पुढे आहे. एका राउंडमध्ये, म्हणजे खेळाच्या एका फेरीत, एखाद्या म्युटेशनची अक्षरं सगळ्यांसाठी एकच असतात. बदलतात त्या फक्त गाळलेल्या जागा. माकडात जिथे एक्स आहे तिथे स्वयंपाक्याच्या डीएनएत अक्षर असू शकतं, आणि स्वयंपाक्याच्या रिकाम्या जागी सफाई कामगाराकडे असू शकतं. एकाच पोथीच्या चार प्रतींना वेगवेगळ्या पानांवर वाळवी लागलेली असावी, तसं. चारही प्रती शेजारी ठेवल्या की पूर्ण मजकूर हाती येतो.

म्हणून मी म्हणतो की हे काम दार लावून करायचं नाहीच. जितकी जास्त माणसं स्कॅनरमध्ये दोन मिनिटं बसून जातील तितकं काम सोपं होतं. जेनेटिक्स म्हणजे शक्ती मिळवायची जागा असं जे चित्र आहे ते मला पटत नाही. सगळ्या स्टेशनकडून थोडीथोडी माहिती गोळा करून ती स्टेशनलाच परत द्यायची, असं हे काम आहे.

तुमचे अनुभव लिहा. मतभेद असतील तर तेही लिहा.

दुर्बीण

छान धागा! मी खेळात अगदी नवी आहे. दोनदा जेनेटिसिस्ट घेतला, पण दारावर कुणी फिरकलंच नाही. रेडिओवर "कृपया जेनेटिक्समध्ये या" असं सांगितलं तर लोक उत्तरसुद्धा देत नाहीत. माणसं जमवायची कशी? आणि राउंड सुरू झाल्यावर पहिलं काय करायचं?

लाल बत्ती

मी कायम सिक्युरिटीत असतो, तेव्हा माझी बाजूही ऐका. धागाकर्त्याने चित्र फार सुंदर रंगवलंय, पण आमच्या वाट्याला जेनेटिक्समधून काय येतं? हल्क झालेला माणूस भिंती फोडत फिरतो. टेलिकिनेसिसवाला लांबूनच वस्तू ओढतो. कुणी तरी एक्स-रे दृष्टी घेऊन आमच्या शस्त्रागारात काय आहे ते बाहेर उभं राहून बघतो. आणि विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "मला जेनेटिक्समधून मिळालं."

कुणाला मिळालं, कुणी दिलं, कधी दिलं, याची नोंद कुठेच नसते. जेनेटिसिस्ट स्वतः सगळ्या शक्ती टोचून घेतो आणि राउंडभर मिरवतो. बऱ्याच सर्व्हरवर शक्ती सरसकट वाटण्याबद्दल नियम आहेत ते उगाच नाहीत.

जुनं खोड

लाल बत्ती यांचा राग समजतो, पण तो राग खेळाडूंवर काढा, कामावर नको.

जुन्या काळातलं जेनेटिक्स ज्यांनी पाहिलंय त्यांना आजचं फार सोपं वाटेल. तेव्हा ए, टी, जी, सी नव्हतं. हेक्साडेसिमल आकड्यांची (० ते ९ आणि पुढे ए ते एफ) लांबलचक रांग असायची, तिचे तीन-तीन आकड्यांचे ठोकळे पाडलेले. दिसण्याची जनुकं एका रांगेत, शक्तींची आणि विकारांची दुसऱ्या रांगेत. ठोकळ्यातला आकडा एका मर्यादेच्या वर गेला की ते जनुक जागं. मोठ्या शक्तींसाठी डी-ए-सी किंवा त्याच्या वर जावं लागायचं. आणि बदलायचं कशाने? किरणोत्साराने. तीव्रता आणि कालावधी ठरवून ठोकळ्यावर मारा करायचा, आकडा वर जाईल की खाली ते हातात नाही. मारा वाढवला की माकड आजारी पडायचं.

कुठल्या ठोकळ्यात काय ते दर राउंडला बदलायचं. त्यामुळे प्रत्येक वेळी कागद-पेन घेऊन बसणं आलं: अमुक ठोकळा हलवला, माकड खोकायला लागलं, लिहून ठेव. तमुक हलवला, दिसेनासं झालं, लिहून ठेव. ती वही म्हणजेच तुमचं राउंडभराचं संशोधन.

आणखी एक गोष्ट आजच्या मंडळींना माहीत नसेल. क्लोनिंगसुद्धा जेनेटिक्सचंच काम होतं. मेलेला माणूस स्कॅनरमध्ये ठेवायचा आणि पॉडमधून नवा काढायचा. त्यामुळे आमच्या दाराशी सगळं स्टेशन कधी ना कधी यायचंच. आपण होऊन आलं नाही तर स्ट्रेचरवरून यायचं. टीजीने पुढे क्लोनिंग काढून टाकलं आणि जेनेटिसिस्ट एकटा पडला. तो आता विज्ञान विभागात, रिसर्च डायरेक्टरच्या हाताखाली असतो. पूर्वी मेडिकलशीही बांधलेला होता. माझ्या मते दुर्बीण यांच्या दारावर कुणी फिरकत नाही त्याचं मूळ इथे आहे. लोकांना तिथे जायचं कारणच उरलं नाही, ते कारण आता तुम्हाला तयार करावं लागतं.

शून्यगुरुत्व

खोडकाका, क्लोनिंगचा मुद्दा अगदी बरोबर. मी तो विचारातच घेतला नव्हता.

दुर्बीण, तुमच्या प्रश्नाचं उत्तर याच मुद्द्याला धरून देतो. "कृपया या" म्हटल्यावर कुणी येत नाही, कारण त्यात येणाऱ्याचा काही फायदा दिसत नाही. आधी माकडं स्कॅन करून घ्या, सगळी. त्यांत जे सोपं दिसेल ते पूर्ण करा. दोन-तीन उपयोगी म्युटेशनं हातात आली की मग नेमक्या माणसाला नेमकी गोष्ट सांगा. इंजिनिअरिंगच्या चॅनलवर म्हणा, "तापमान सहन करण्याचं म्युटेशन तयार आहे, ज्याला आगीत काम करायचंय त्याने यावं, बदल्यात एक स्कॅन." मग दार ठोठावलं जातं. आलेला माणूस बसला की त्याच्या डीएनएतल्या बाकीच्या सुप्त म्युटेशनांचीही अक्षरं मिळतात, आणि तुमची पुढची दोन कोडी सुटतात.

इंजेक्टरचे, म्हणजे म्युटेशन टोचायच्या सुईचे, दोन प्रकार नीट समजून घ्या. अॅक्टिव्हेटर फक्त त्या माणसात आधीपासून सुप्त असलेलं म्युटेशन जागं करतो. त्याच्या डीएनएत ते नसेलच तर काही होत नाही. म्युटेटर मात्र नसलेलं म्युटेशनही बाहेरून घालतो, आणि त्याची किंमत शरीराच्या स्थिरतेतून वसूल होते. स्थिरता १०० पासून सुरू होते आणि प्रत्येक घातलेल्या म्युटेशनगणिक उतरते, जितकी मोठी शक्ती तितकी जास्त. शून्याच्या खाली गेली की शरीर वितळायला लागतं. थोडा वेळ मिळतो, तेवढ्यात म्युटाडोन हे म्युटेशनं घालवणारं औषध मिळालं तर माणूस वाचतो. नाही मिळालं तर माकड होण्यापासून राख होण्यापर्यंत काहीही घडू शकतं.

अॅक्टिव्हेटरचा आणखी एक फायदा आहे. कुणावर तरी यशस्वीपणे वापरलेला रिकामा अॅक्टिव्हेटर परत कन्सोलमध्ये घातला तर त्यातून कधीकधी क्रोमोझोम मिळतो. एखादा क्रोमोझोम म्युटेशनचा स्थिरतेवरचा भार कमी करतो, एखादा त्याची ताकद वाढवतो, एखादा दुष्परिणाम आवरतो, एखादा पुन्हा वापरायला लागणारा वेळ घटवतो. म्हणजे बघा, खेळ बनवणाऱ्यांनीच रचना अशी केलीय की दुसऱ्यांना देत गेलात तरच तुमचं स्वतःचं काम पुढे सरकतं. एकट्याने सगळं टोचून घेणारा जेनेटिसिस्ट अर्ध्यावरच अडकतो.

वायुविजन

मी हवा-नियंत्रण विभागात असतो, म्हणजे पाइप, व्हॉल्व्ह, प्लाझ्मा (खेळातला पेट घेणारा वायू) आणि आग. जेनेटिक्सचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक मीच असावा. तापमानाचं आणि दाबाचं, दोन्ही म्युटेशनं मिळाली की सूट न घालता उघड्या अवकाशात उभं राहता येतं. पण श्वास लागतोच. तोंडावर मास्क आणि पाठीला ऑक्सिजनची टाकी विसरून बाहेर गेलेले लोक मी परत आत ओढून आणलेत. जेनेटिसिस्टने इंजेक्टर देताना हे एक वाक्य आवर्जून सांगावं.

एका राउंडमध्ये इंजिनच्या खोलीत प्लाझ्मा पेटला होता. सूट असलेले दोघेही बेशुद्ध. जेनेटिसिस्ट स्वतः धावत आला, माझ्या हातात अॅक्टिव्हेटर दिला आणि म्हणाला, "मघाशी स्कॅन केलं तेव्हा तुझ्यात हे सुप्त दिसलं होतं, वापर." म्हणजे कुणाच्या अंगात काय आहे हे त्याच्या लक्षात होतं. मी आत जाऊन व्हॉल्व्ह बंद केला. त्या राउंडनंतर मी प्रत्येक वेळी काम सुरू करायच्या आधी आपण होऊन स्कॅन करून घेतो, कुणी बोलावलं नाही तरी.

पेशीकेंद्र

मी पेशीजीवशास्त्र शिकवते आणि हा खेळही खेळते, त्यामुळे राहवत नाही. थोडं लांबेल.

आधी खेळाने जे बरोबर पकडलंय ते. ए समोर टी आणि जी समोर सी हे खरंच तसं आहे. ए-टी मध्ये दोन हायड्रोजन बंध असतात, जी-सी मध्ये तीन. एक बाजू माहीत असली की दुसरी आपोआप कळते, हा १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी मांडलेल्या रचनेचा गाभा आहे. रोझलिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण छायाचित्रांचा त्यात मोठा वाटा होता. आणि वेगवेगळ्या प्रतींमधले तुकडे जुळवून पूर्ण मजकूर उभा करायचा, हे तर जीनोम वाचण्याचं रोजचं तंत्र आहे. माणसाच्या जीनोममध्ये सुमारे ३ अब्ज अक्षरजोड्या आहेत. ह्यूमन जीनोम प्रोजेक्ट २००३ मध्ये पूर्ण झाल्याचं जाहीर झालं तरी सुमारे ८ टक्के भाग वाचायचा राहिला होता. तीच तीच अक्षरं पुन्हा पुन्हा येणारे ते पट्टे जुळवणं फार अवघड होतं. तो भाग २०२२ मध्ये भरून निघाला. खेळातल्या एक्सकडे बघताना मला हे नेहमी आठवतं.

जुनं खोड यांनी सांगितलेला किरणोत्साराचा माराही निव्वळ कल्पना नाही. हर्मन मुलर यांनी १९२७ मध्ये फळमाश्यांवर क्ष-किरण सोडून म्युटेशनं घडवता येतात हे दाखवलं, आणि १९४६ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. मारा कुठे लागेल आणि काय बदलेल ते हातात नसतं, हेही त्या जुन्या यंत्रणेत अगदी बरोबर होतं.

आता अॅक्टिव्हेटर. खेळातली मला सगळ्यात भावलेली कल्पना हीच. आपल्या प्रत्येकात अशी जनुकं असतात जी एका वयानंतर झोपी जातात. गर्भात असताना आपण वेगळं हिमोग्लोबिन बनवतो, जन्मानंतर काही महिन्यांत ते जवळपास बंद होतं आणि प्रौढ हिमोग्लोबिन सुरू होतं. सिकल सेल आजारात बिघाड असतो तो प्रौढ हिमोग्लोबिनच्या जनुकात, तोही एका अक्षराचा: ए च्या जागी टी. मग शास्त्रज्ञांनी काय केलं? गर्भातल्या हिमोग्लोबिनला झोपवणारं जे नियंत्रण आहे तेच रक्ताच्या मूळ पेशींमध्ये क्रिस्पर या डीएनए कापण्याच्या तंत्राने तोडलं. झोपलेलं जनुक पुन्हा जागं झालं. या उपचाराला २०२३ च्या शेवटी आधी ब्रिटनमध्ये आणि मग अमेरिकेत मंजुरी मिळाली. धागाकर्त्याने वर लिहिलेली अॅक्टिव्हेटरची व्याख्या वाचा, शब्दशः तीच गोष्ट आहे.

फरक आहे तो टोचण्यात. खेळात एक सुई आणि दोन सेकंद. प्रत्यक्षात रुग्णाच्या मूळ पेशी बाहेर काढतात, प्रयोगशाळेत बदलतात, मग तीव्र केमोथेरपीने अस्थिमज्जेतली जागा रिकामी करतात आणि बदललेल्या पेशी परत देतात. सगळं मिळून अनेक महिने. प्रौढ शरीरात लाखो कोटी पेशी आहेत, त्या सगळ्या एका सुईने बदलणं आज शक्य नाही. त्यामुळे ज्या अवयवापर्यंत पोचता येतं त्यापासून सुरुवात होते: रक्त, यकृत, डोळा.

दुर्बीण

पेशीकेंद्र, तुम्ही लिहिलंय ते दोनदा वाचलं. मग खेळातली कुठली म्युटेशनं खरी म्हणता येतील? हल्क सोडून द्या, ताकदीचं वगैरे?

पेशीकेंद्र

ताकदीचं अगदी खरं आहे. मायोस्टॅटिन नावाचं प्रथिन स्नायूंची वाढ आवरतं. त्याचं जनुक निकामी झालं की स्नायू कितीतरी जास्त भरतात. बेल्जियन ब्लू जातीचे बैल तसेच दिसतात. २००४ मध्ये अशाच एका जर्मन मुलाची नोंद वैद्यकीय साहित्यात आली. खेळात ठेंगणेपणाचं म्युटेशन आहे, टेबलावरून चालता येतं म्हणून लोक ते हौसेने घेतात. प्रत्यक्षात अॅकाँड्रोप्लेझिया हा त्याचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. तो एफजीएफआर३ या जनुकातल्या एका अक्षराच्या बदलाने होतो, आणि बहुसंख्य वेळा आई-वडील सर्वसाधारण उंचीचे असतात, बदल नव्यानेच झालेला असतो.

टेलिकिनेसिस मात्र कुठल्याच जनुकात नाही.

लाल बत्ती

वाचायला आवडलं. पण माझा मुद्दा तसाच आहे. आणि आता एक नवीन भर घालतो. खेळात बोटांचे ठसे तुमच्या दिसण्याच्या जनुकांवरून काढले जातात. म्हणजे जेनेटिसिस्टने कुणाचं तरी रूप साठवून दुसऱ्याला दिलं की चेहरा बदलतोच, ठसेही बदलतात. मी दारावरचे ठसे घेऊन निरपराध माणसाला कोठडीत टाकतो आणि खरा गुन्हेगार त्याचा चेहरा लावून फिरतो. हे थांबवायचं कसं?

पेशीकेंद्र

हे खेळात सोयीसाठी केलंय. खऱ्या आयुष्यात बोटांचे ठसे फक्त डीएनएवर ठरत नाहीत. गर्भाशयातली जागा, दाब, वाढीचा वेग, सगळ्याचा त्यात हात असतो. म्हणून एकसारख्या जुळ्यांचा डीएनए जवळपास सारखा असूनही ठसे वेगळे निघतात.

जुळ्यांवरून आणखी एक आठवलं. नासाने स्कॉट केली आणि मार्क केली या जुळ्या भावांचा अभ्यास केला. स्कॉट २०१५-१६ मध्ये ३४० दिवस अवकाश स्थानकावर होते, मार्क पृथ्वीवर. तेव्हा स्कॉट यांचा ७ टक्के डीएनए बदलला अशा बातम्या फिरल्या. त्या चुकीच्या होत्या. डीएनए तोच होता. बदललं होतं ते जनुकांचं चालू-बंद होणं, आणि परतल्यावर सहा महिन्यांत त्यातलं ९० टक्क्यांहून जास्त पूर्ववत झालं. गुणसूत्रांची टोकं, म्हणजे टेलोमियर, अवकाशात लांबली आणि परतल्यावर पुन्हा आखडली, हे मात्र कुणाच्याच अपेक्षेत नव्हतं. अवकाश स्थानकावर जेनेटिसिस्ट नेमायला याहून चांगलं कारण काय हवं? आणि तसं कामही तिथे सुरू झालंय: ऑगस्ट २०१६ मध्ये केट रुबिन्स यांनी हातात मावणाऱ्या यंत्राने अवकाशात पहिल्यांदा डीएनए वाचला.

जुनं खोड

लाल बत्ती, ठशांचा प्रश्न जुनाच आहे. रक्ताचा डाग सापडला तर त्याच्याकडे बघा, कारण डीएनएची ओळख ठशांपेक्षा वेगळ्या नोंदीत असते. रूप बदलणारा नेहमी दोन्ही बदलायची काळजी घेतोच असं नाही. आणि जेनेटिक्सच्या कन्सोलमध्ये कुणाकुणाची रूपं साठवलेली आहेत ते बघायला जा. बहुतेक सिक्युरिटीवाले तिथवर जातच नाहीत.

दुर्बीण

मला एक विचारायचं होतं, हसू नका. माकडांचं वाईट वाटतं. स्कॅनरमध्ये घालून अक्षरं बदलत राहायचं आणि ती आजारी पडत राहणार. तुम्ही सगळे ते कसं करता?

शून्यगुरुत्व

हसण्यासारखं काहीच नाही यात. मी एवढं पाळतो: माकडावर अंदाजाने अक्षरं मारत बसत नाही. आधी सगळ्यांचं स्कॅन, तुलना, आणि पूर्ण खात्री झाली की एकदाच बदल. इजा फार कमी होते. स्थिरतेची चाचणी करायची असेल तर माकडाचं माकडपणाचं म्युटेशन बंद केलं की त्याचा माणूस होतो, त्यात कुणी खेळाडू नसतो. काही जण त्यावर प्रयोग करतात. मला तेही फारसं रुचत नाही. जोकर नावाची सोय कन्सोलवर आहे, ती एका एक्सचं बरोबर अक्षर सांगते. वापरल्यावर थांबावं लागतं, पण थांबलं तर बिघडत काही नाही.

पेशीकेंद्र

दुर्बीण यांनी विचारलं ते योग्यच केलं. अवकाशाच्या इतिहासात माकडांची किंमत खरोखर मोजली गेलीय. जून १९४९ मध्ये अल्बर्ट दुसरा हा ऱ्हीसस माकड व्ही-२ रॉकेटमधून सुमारे १३४ किलोमीटर उंच गेला आणि परतताना पॅराशूट न उघडल्याने मेला. मे १९५९ मध्ये एबल आणि बेकर जिवंत परत आल्या. एबल काही दिवसांनी अंगातला इलेक्ट्रोड काढण्याच्या शस्त्रक्रियेत गेली, बेकर १९८४ पर्यंत जगली. आपल्या खेळातल्या स्टेशनवर माकडं का असतात, याचं एक उत्तर तिथे आहे.

वायुविजन

एक तांत्रिक गोष्ट राहतेय. विकार म्हणून फेकून दिली जाणारी म्युटेशनं जपून ठेवा. स्वतः किरणोत्सार सोडणारं म्युटेशन अंगात नको असतं, पण ताकदीच्या म्युटेशनबरोबर त्याचं मिश्रण केलं की हल्क मिळतो, आणि उष्णता बघणाऱ्या दृष्टीबरोबर केलं की एक्स-रे दृष्टी. विजेपासून वाचवणाऱ्या इन्सुलेशनच्या म्युटेशनबरोबर केलं तर हाताने विजेचा धक्का देता येतो. अँटेना आणि भ्रम, दोन्ही तशी निरुपयोगी, पण एकत्र आली की दुसऱ्याच्या मनातलं वाचता येतं. मी पाहिलेले चांगले जेनेटिसिस्ट कचरा म्हणून काहीच पुसत नाहीत.

पेशीकेंद्र

आणि हे निसर्गातही आहे! सिकल सेलचं जनुक दोन्ही पालकांकडून आलं तर गंभीर आजार, पण एकाकडूनच आलं तर गंभीर मलेरियापासून बऱ्यापैकी संरक्षण. म्हणून मलेरियाच्या पट्ट्यात ते टिकून राहिलं. जनुक चांगलं की वाईट हे ते कुणाबरोबर आणि कुठे आहे त्यावर ठरतं.

लाल बत्ती

ठीक आहे, मिश्रणाची माहिती मला नव्हती. मग माझी मागणी सरळ सांगतो. शक्ती वाटा, माझा विरोध नाही. पण नोंद ठेवा आणि ती आम्हाला दाखवा. आणि हल्क, एक्स-रे, टेलिकिनेसिस या तीन गोष्टी सिक्युरिटीला न कळवता कुणालाही देऊ नका. तापमान, दाब, अंधारातली दृष्टी, हे वाटेल तेवढं वाटा.

शून्यगुरुत्व

हे मला पूर्ण मान्य आहे, आणि मी याच पद्धतीने खेळतो. कागद कन्सोलशेजारीच ठेवतो. डावीकडे नाव आणि नोकरी, मग त्याच्यात सुप्त काय दिसलं, मग काय दिलं, अॅक्टिव्हेटर की म्युटेटर, आणि उरलेली स्थिरता. तीच नोंद वायुविजन यांच्या गोष्टीतल्या जेनेटिसिस्टसारखी संकटात कामाला येते. कुणाच्या अंगात आग सहन करायची क्षमता झोपलेली आहे ते कागदावरून लगेच कळतं. फोटोकॉपी मशीन असेल तर एक प्रत सिक्युरिटीला आणि एक मेडिकलला. मेडिकलला देताना केमिस्टकडून म्युटाडोनच्या गोळ्या मागून घ्यायच्या आणि दोन स्वतःच्या खिशात ठेवायच्या.

हल्कबद्दल आणखी एक: हल्क झालेल्याला बंदूक चालवता येत नाही आणि जखमा वाढल्या की ती शक्ती उतरते. त्यामुळे भिंत पाडून माणसं बाहेर काढायची असतील तर तो उपयोगी, झुंजीसाठी तितकासा नाही. मागणाऱ्याला हे आधीच सांगितलं की निम्मे लोक विचार बदलतात.

दुर्बीण

आज खेळले. राउंड सुरू होताच पाचही माकडं स्कॅन केली, मग खाणकामगारांच्या चॅनलवर दाबाच्या म्युटेशनबद्दल सांगितलं. तिघे आले! त्यातल्या एकाच्या डीएनएमुळे माकडात अडलेलं एक म्युटेशन पूर्ण झालं, ते अंधारात बघण्याचं निघालं. कागदही ठेवला. पण एक अडचण: एका म्युटेशनमध्ये सगळ्यांकडे त्याच दोन जोड्या पूर्ण रिकाम्या येत होत्या. तिथे काय करायचं?

जुनं खोड

दोन पूर्ण रिकाम्या जोड्या म्हणजे सोळा शक्यता. जोकर एका जोडीवर वापरा, एक अक्षर कळलं की समोरचं आपोआप. उरल्या चार. त्या चार हाताने बघता येतात, किंवा जोकर पुन्हा तयार होईपर्यंत आणखी दोन माणसं बसवा. मी तरी दुसरं करेन. आलेल्या माणसाकडून त्याखेरीज आणखी काय मिळेल ते आधी सांगता येत नाही.